शंभरातले सत्त्याण्णव

“हा आकडा खोटा आहे,” अधिकारी म्हणाला आणि त्यानं कागद सिस्टरच्या टेबलावर असा सरकवला, जसं काही त्यात मेलेलं झुरळ गुंडाळलंय.

सिस्टरनं सावकाश चष्मा लावला. कागद नऊ देशांच्या पाहणीचा होता. साडेतीनशे छोटी आरोग्य केंद्रं, प्रत्येक ठिकाणी शंभर रुग्ण, आणि सगळ्यांना तेच प्रश्न. सातवा प्रश्न असा : ‘डॉक्टरांनी तुमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं का?’ बाकीच्यांची धाव चाळीस-पंचेचाळिसापर्यंत. या केंद्रापुढे सत्त्याण्णव.

“खोटा नाही, कमी आहे,” सिस्टर म्हणाली. “तिघं ‘नाही’ म्हणालेत. त्यातले दोघं ठार बहिरे. त्यांना प्रश्न तरी ऐकू आला असेल का?”

अधिकाऱ्याला हसू आलं नाही. आरोग्य खात्याच्या खुर्चीवर बसून त्याला तीन महिने झाले होते, आणि हे केंद्र तो आज पहिल्यांदाच बघत होता. बघितलं नव्हतं तरी ते बंद करायचं एवढं त्याचं पक्कं होतं. रुग्णांनी दोन बस बदलून मोठ्या रुग्णालयात जायचं. आदेश टाइप होऊन तयार होता. घशात अडकला होता तो हा आकडा. तो खोटा ठरला की महिनाअखेर केंद्राला कुलूप.

खरा की खोटा ते ठरवायला पाहणीच्या मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई आल्या होत्या. बोलणं कमी, पेन्सिलीला टोक मात्र सुईसारखं.

“डॉक्टर कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“मागं. पण हातातलं काम टाकून येणार नाहीत. तोवर बाकावरच्यांना विचारा. मी इथून हलत नाही, नाहीतर म्हणाल, सिस्टरनं खुणा केल्या.”

एक वाजून गेला होता, तरी बाकावर सहा जण होते. पहिली पाय बांधलेली आजी.

“डॉक्टर ऐकून घेतात का, आजी?”

“घेतात का म्हणजे? सुनेचं गाऱ्हाणं मी तीनदा सांगितलं. आता मी तोंड उघडलं की पुढचं डॉक्टरच सांगतात. पाठ झालंय.”

“घाई करतात?”

“छे गं! शेजारी बसतात, हात हातात घेतात. जरा फिनेलचा वास येतो हाताला, एवढंच.”

तपासनीस बाईंनी लिहिलं : हातांची स्वच्छता उत्तम.

दुसरा ट्रकवाला. अंगानं आडवातिडवा, आवाज मात्र एवढासा. “छातीत कळ येते हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कुठनं काढून घेतलं देव जाणे. दंडाला धरून उठवलं आणि रांग मोडून थेट सिस्टरपुढं उभं केलं. त्या दिवशी रांगेत बसून राहिलो असतो, तर आज तुमच्याशी बोलायला माझा फोटो आला असता.”

“आणि औषध?”

“त्याची चिठ्ठी आत साहेब देतात, सकाळी. मान वर न करता.”

बाईंनी लिहिलं : औषधाची खिडकी वेगळी. तिथल्या कर्मचाऱ्याच्या वागण्यात सुधारणेला वाव.

“पढवून ठेवलेली माणसं आहेत,” अधिकारी कुरकुरला.

“अरे बाबा,” आजी फणकारली, “मला मास्तर पढवू शकला नाही, ही सिस्टर काय पढवणार?”

बाक हसला. अधिकारी सिस्टरच्या टेबलाशी आला आणि आवाज खाली उतरवून म्हणाला, “एक ओळ लिहून द्या. आकडा नजरचुकीनं चढला. बदली तुम्हाला हवी तिथं.”

“एकवीस वर्षं नोंदी लिहितेय, साहेब. खोटं लिहायला वेगळं अक्षर लागतं. माझं तसं नाही.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ द्या!” सिस्टरनं आवाज मुद्दाम चढवला. “मग मीही त्या बाकावर येऊन बसेन. ऐकणारं माणूस आहे इथं. तुमच्या कार्यालयात आहे का एक तरी?”

बाकावरचं हसू थांबलं. ट्रकवाला उठून उभा राहिला. मग आजीही, बांधलेल्या पायानिशी.

तपासनीस बाईंनी सहाही जणांना विचारून झाल्यावर वही मिटली आणि शिक्का काढला. “आकडा खरा आहे. आणि अव्वल आलेलं केंद्र पुढची दोन वर्षं बंद करता येत नाही. पाहणीच्या करारावर तुमच्याच खात्याची सही आहे. इथं करा.”

अधिकाऱ्यानं कडू काढा गिळावा तशी सही केली.

“राहिली डॉक्टरांची,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली. “नऊ देश पालथे घातले, असा डॉक्टर भेटला नाही. सातव्या प्रश्नाखाली ज्यांनी ऐकलं त्यांचीच सही लागते. त्यांना भेटल्याशिवाय मी जाणार नाही.”

“नका जाऊ,” सिस्टर म्हणाली. मागच्या दाराशी जाऊन तिनं हाक मारली, “डॉक्टर! या जरा. तुमची सही हवीय.”

“आले, आले! लादी ओली आहे, कोणी पाय ठेवू नका!”

डॉक्टर आल्या. पदराला हात पुसले, दोन्ही पाहुण्यांकडे बघून हसल्या, पेन घेतलं आणि ‘हुद्दा’ या रकान्यात एकेक अक्षर जुळवत लिहिलं : सफाई कामगार.