गर्दीतला जिनेश

आदितीनं लॅपटॉपला स्पीकर जोडला, तरी नेमगोंडा पाटील खुर्चीत बसायला तयार नव्हते. शिरोळहून कोल्हापूरपर्यंत ते आले खरे, पण आता लेकीच्याच घरात परक्यासारखे दाराशी उभे होते.

"अण्णा, बसा की," आदिती म्हणाली. "दादाचाच आवाज हाय. मी सुरुवातीचं ऐकलं आन् बंद केलं. एकटीला पुढं ऐकवंना."

तिची आई पद्मावती मात्र कधीच स्पीकरजवळ सरकून बसल्या होत्या.

इरावती या गायिकेचं नाव पाटलांच्या घरात निघत नसे. बँड सोडून ती एकटीच दौऱ्यावर निघाली, त्यातला एक कार्यक्रम कोल्हापूरला झाला. त्या दौऱ्याचं रेकॉर्डिंग तिनं कधी बाहेर येऊ दिलं नाही. पण गर्दीतल्या कुणीतरी खिशातल्या यंत्रावर सगळा कार्यक्रम गुपचूप उतरवून घेतला होता आणि इतक्या वर्षांनी तो इंटरनेटवर टाकला होता. रॉकवेड्या मंडळींना त्याचं कोण अप्रूप! आदितीला मात्र त्यात, गाण्यांच्या मागं, आपला भाऊ सापडला.

त्या कार्यक्रमाहून जिनेश घरी आलाच नाही. शिरोलीच्या पुढं हायवेवर त्याची मोटारसायकल दुभाजकावर आदळली आणि तो जागीच गेला. मागच्या ट्रकवाल्यानं सांगितलं, पोरगं झोकांड्या खात चाललं होतं. बरोबर गेलेली पोरं गर्दीत पांगली होती, आणि आपण बिअर ढोसली होती हे त्यांनीच कबूल केलं. मग काय, उरलेलं गावानं जोडून टाकलं. नेमगोंडा म्हणजे बस्तीचे, गावातल्या जैन मंदिराचे पंच, व्यसनमुक्तीवर गावोगाव भाषणं देणारे. घराण्याचं नाव जाईल या धास्तीनं त्यांनी ओळखी लावून रक्ताची तपासणीच टाळली, आणि तिथंच ते फसले. तपासणी टाळली म्हणजे पाटलाचं पोरगं प्यालेलंच होतं, असं लोकांनी धरलं. पुढं पुढं नेमगोंडांनीही तेच धरलं.

दारूपेक्षा त्यांना शपथेचं जास्त लागलं होतं. त्या दिवशी उपासाची अष्टमी होती. जिनेशनं जायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी त्याला बस्तीत देवासमोर उभं केलं. जायचं तर कडकडीत उपास धरून जायचं आणि सकाळी दर्शन घेऊनच तो सोडायचा, असं वदवून घेतलं. उपाशी पोटी मे महिन्याच्या उन्हात हे कशाला जातंय, असा त्यांचा हिशेब. पोरगं गेलं. देवासमोर शब्द देऊन गेलं आणि दारू प्यालं, हे त्यांच्या काळजात रुतून बसलं. त्यांनी घरात त्याचा फोटो लावू दिला नाही, त्याच्या नावानं कधी दान केलं नाही. पद्मावती फोटो लुगड्यांच्या घडीखाली ठेवत आणि नवरा शेताकडं गेला की काढून बघत.

"प्याला असंल तर मी ऐकून घेते, प्याला नसंल तर तुमी ऐका," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. म्हणून तर नेमगोंडा आले होते.

आदितीनं बटण दाबलं. आधी नुसता गलका आला, मग गिटार, मग लांबून इरावतीचा आवाज. आणि अगदी जवळून, कानाशी तोंड आणावं तसा, जिनेश ओरडला, "एक नंबर, इरावती!"

पद्मावतींनी पदराचा बोळा तोंडात धरला. नेमगोंडा खुर्चीत बसले.

गाण्यामागून गाणी झाली. जिनेश प्रत्येक गाण्यात घुसत होता, तेही बेसूर. आदितीला मधेच हसू आलं आणि लगेच डोळे भरले. मग कॅन फोडल्याचा फस्सकन आवाज झाला. घे, थंडगार हाय, असं कुणीतरी म्हणालं.

"बिअर? न्हाई भावा," जिनेश हसत म्हणाला. "जल्मात हात लावला न्हाई मी तिला."

नेमगोंडांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्यांचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम वर आलं आणि तो ताठ मानेचा माणूस लेकीसमोर हुंदके देऊन रडला. बायकोसमोर त्यांनी हात जोडले. फोटो मोठा करून घराच्या पुढच्या सोप्यात लावायचा, बस्तीत पंचांना बसवून हे सगळं ऐकवायचं, असं ते भडाभडा बोलत सुटले.

"माझ्या पोरानं देवाम्होरचा शब्द पाळला, पद्मा."

"मी काय येगळं म्हणत हुते?" पद्मावती म्हणाल्या. त्यांचा आवाज फार थकलेला होता.

आईकडं बघून आदितीनं बंद करायला हात पुढं केला. नेमगोंडांनी तो धरला. त्याचा आवाज आहे तोवर चालू दे, म्हणाले. किती वर्षांनी त्यांना पोराचं कौतुक करायला मिळत होतं.

इरावतीनं शेवटचं गाणं धरलं होतं. संथ गाणं होतं. जिनेश आता गात नव्हता. हा गप का बसला, असं नेमगोंडांनी विचारलं. ऐकत असंल, पद्मावती म्हणाल्या. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, गर्दी हलायला लागली. तेवढ्यात स्पीकरमधून धडपडल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ रेकॉर्डिंग करणाऱ्याचा, अगदी मोठ्यानं.

"आरं, आरं, धर मला. दुपारधरनं उन्हात हुबा हायस, व्हट फुटल्यात, धड हुबं ऱ्हाता येईना तुला. ही बाटली घे. घोटभर पाणी पी आन् मग गाडीला हात लाव."

"नको, पावणं." जिनेशचा आवाज पार खोल गेला होता. "सकाळपतोर पाण्याचा थेंबबी न्हाई. अण्णांनी पहिल्यांदाच माझ्यावर इश्वास टाकलाय."