तिची हाक

लेकीचं लग्न बागेत होतं आणि अंगठ्या आमच्या बटाट्याच्या गळपट्ट्याला बांधल्या होत्या. हा कुत्रा बायकोचा. तिच्या एका हाकेवर धावत यायचा, आम्हाला मात्र कधी भीक घातली नाही. ती जाऊन वर्ष झालं. लेकीने माझ्या मोबाईलमधून आईची जुनी हाक मागून घेतली. "बाबा, निदान आईचा आवाज तरी लग्नात असू दे," म्हणाली. मला नाही म्हणवलं नाही.

सगळे खुर्च्यांवर बसले. लेक जावयाशेजारी उभी राहिली आणि स्पीकरमधून बायको बोलली, "बटाट्या, कुठे तडमडलास रे? ये बघू लवकर!"

माझ्या पायाशी पडलेल्या बटाट्याने मानसुद्धा उचलली नाही. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"नवरदेवा, अंगठी काही नशिबात नाही तुझ्या!" मागून कोणीतरी ओरडलं आणि चारजण हसले. लेक तशीच चालत माझ्याजवळ आली. डोळे भरले होते.

"बाबा, वर्षभरात विसरला हो हा आईला."

मी खाली वाकून गळपट्ट्याची गाठ सोडत राहिलो.

ती हाक मी रोज संध्याकाळी घरात लावतो. पहिले दोन महिने बटाट्या एकेका खोलीत जाऊन तिला शोधून यायचा.



आता मी एकटाच उठून बघतो.