सानगडीत पाहण्यासारखं

कार्तिकातल्या त्या पहाटे वैनगंगेवर धुकं असं बसलं होतं, की पलीकडचा काठ देवानं अजून मांडलाच नाही असं वाटावं. शकुनबाईनं स्नान केलं, लुगडं बदललं, काठच्या महादेवावर तांब्या रिता केला आणि खालून तिसऱ्या पायरीवर माळ घेऊन बसली. माळ फिरत होती, पण कान वरच्या वाटेला होते.

मुलींच्या शाळेत नव्यानं आलेल्या निर्मलाबाई काल सानगडीला जाऊन आल्या होत्या. त्यांना पाठवलं होतं शकुनबाईनंच. पवनीत आलेल्या कुणीही "इथं पाहण्यासारखं काय?" विचारलं, की ती आधी टेकडीवरचं खोदकाम सांगे, मग घाट, मग देवळं. आणि शेवटी, आत्ताच आठवल्यासारखं, "पण खरं पाह्यचं तं सानगडीले जा. किल्ला आहे, तलाव आहे. तलावाच्या पाळीखाली निळ्या दाराचं घर आहे, तिथं पाणी मागजा. लय गोड पाणी."

निळ्या दाराच्या घरात तिची धाकटी बहीण राहत होती, पंचफुला. आईच्या तेरवीला दोघींचं बिनसलं. शकुनबाईनं ओंजळीत वैनगंगेचं पाणी घेऊन म्हटलं, तुझ्या गावात पाय ठेवणार नाही. पंचफुलानंही त्याच पाण्यात हात बुडवला. म्हणाली, तुझ्या पवनीत मीबी नाही. याला नऊ वर्षं झाली. कधी एकादशी न मोडलेली बाई शपथ कुठून मोडणार?

निर्मलाबाई निऱ्या सावरत पायऱ्या उतरल्या.

"पाह्यला किल्ला?"

"किल्ला राहूनच गेला हो. त्या निळ्या दारात पाणी मागितलं आणि अडकले. लाखोरीचं वरण, भात. दुपार तिथंच गेली."

"बरी आहे ना?" माळ थांबली. "म्हणजे, घरचे सगळे?"

"बऱ्या आहेत. पुढचे दोन दात पडलेत. हसताना तोंडावर पदर धरतात."

धुक्यात कुठंतरी परकरातली एक पोर, पदर नसतानाही, हातानं तोंड झाकून हसली. शकुनबाईनं डोळे मिटले.

"आणि गंमत सांगू? मी पवनीहून आले म्हटल्यावर त्याच मला पवनीत काय पाहावं ते सांगायला लागल्या. दोन महिने तिथंच राहतेय म्हटलं, तरी ऐकेनात."

"काय म्हणे?"

"म्हणे, देवळंबिवळं राहू दे माय. पहाटे घाटावर जाजा. तिथं एक बाई माळ घेऊन बसते. पायऱ्या उतरताना भिंतीले हात लावते का, तेवढं पाह्यजा, अन् मले सांगाले येजा."

आज शकुनबाईनं भिंतीला हात लावला होता. काल दोन्ही हात. समोर धुक्यातून एक डोंगा निघाला, वल्ह्याचा आवाज न करता, आणि धुक्यातच गेला.

"मंग, जाता का परत?"

"येत्या रविवारी. काय सांगू त्यांना?"

शकुनबाईनं थांबलेली माळ पुन्हा ओढली. शपथ पवनीची होती, सानगडीची होती. मधल्या वाटेची नव्हती. एवढी साधी गोष्ट नऊ वर्षांत सुचली नाही. आज सुचली त्याअर्थी सुचवणारा वेगळाच, असं तिला वाटलं.

"सांगजा," ती म्हणाली, "लाखांदूरच्या वाटेवर एक बोडी आहे. लहानसंच तळं, पाळीवर मारुती. तिथली कमळं पाह्यण्यासारखी आहेत म्हणा. सोमवारी दुपारच्या गाडीनं ये म्हणा."

"दुपारी? अहो, तोवर तर कमळं मिटलेली असतात."

शकुनबाईनं माळ कपाळाला लावली आणि पिशवीत ठेवली.

"मिटू द्या बाई," ती म्हणाली. "उमलेपर्यंत बसू."