ऊर्जाबचत शून्य

सन एकोणनव्वदच्या वैशाखात साक्रीकडच्या एका खेड्यात 'ऊर्जाबचत आदर्श घर' निवडायला तपासनीस साहेब आले आणि द्रौपदाबाईच्या धाब्याच्या, सपाट छताच्या मातीच्या घरापुढे उभे राहिले.

"पंखे गरजेपुरतेच लावता का?"

"पंखाच नई शे, साहेब."

"मग वाचवलेली वीज शून्य. सूर्यशक्तीवर चालणारं एखादं उपकरण?"

तिनं धाब्यावर उन्हात वाळत घातलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, दाखवल्या. साहेबांना हसू आलं. "उपकरण कंपनीचं लागतं, अक्का." कागदावर दुसरं शून्य पडलं.

द्रौपदाबाईनं तोंड वाकडं केलं. समोरच्या लोटनच्या नव्या स्लॅबच्या घरात तीन पंखे होते, त्यातले दोन आजच्यापुरते बंद. सोलर कुकर तर अजून खोक्यातूनही निघाला नव्हता. त्याला मात्र पैकीच्या पैकी!

दुपारी दोनला साहेब हार आणि प्रमाणपत्र घेऊन लोटनच्या दारी गेले, तर दाराला कुलूप. हाका मारून मारून घसा कोरडा पडला, तेव्हा घाम पुसत ते पुन्हा द्रौपदाबाईच्या उंबऱ्याशी आले.

"अक्का, लोटनभाऊ कुठे गेले?"

"हळू बोला," म्हणत तिनं आत बोट दाखवलं. कणगीच्या आडोशाला, सारवलेल्या गार जमिनीवर लोटन, त्याची बायको आणि तिन्ही पोरं गाढ झोपली होती.

"रोज दुपारले पोरंसोरं बठ्ठा आठेच, मन्हा घरमा झोपतस." तिनं प्रमाणपत्राकडे हात केला. " आते हाऊ कागद कोना घरमा लावशात, साहेब?"