बाथरूमच्या दारावरचा कागद

फौजेची सामान भरणारी माणसं हाताला लागेल ते खोक्यात घालतात. मागच्या बदलीत त्यांनी कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट जपानला पोचवला होता. म्हणून या वेळी जर्मनीला बदली झाली तेव्हा ड्वेनने बाथरूमच्या दारावर कागद डकवला, ‘यातलं काहीही न्यायचं नाही’, आणि विमानात घ्यायच्या दोन बॅगा आत ठेवल्या. घरात खुर्ची उरली नव्हती, म्हणून पोट सावरत त्याची बायको कॅरिसाही तिथेच टबच्या काठावर टेकली.

"मी इथून हलत नाही बाबा," ती हमालाला म्हणाली, "नाहीतर मलाही भराल खोक्यात."

"कागद लावलाय ना बाई, मग हात नाही लावणार," तो हसला.

दुपारी पाळणा जर्मनीच्या वाटेला लागला आणि मागोमाग डॉक्टरांचा फोन आला. रक्तदाब फार वाढलाय, बाळंतपण होईपर्यंत विमानात बसायचं नाही.

"तुझी रुजू व्हायची तारीख पुढे ढकलतील ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"विचारलं. नाही म्हणाले." ड्वेनने आपली बॅग उचलली, सवयीने तिचीही उचलली, मग तिची हळूच खाली ठेवली. "तुझी आई येतेय उद्या."

"बरं. निघ आता, विमान चुकेल. दार लोटून घे."

बाथरूमचं दार लागलं. पण पावलं काही वाजेनात. तिच्या लक्षात आलं, पलीकडे तो स्वतःच लिहिलेला कागद वाचत उभा आहे.