चांगल्या बातम्या

फोन वाजला तेव्हा शिंपिणीच्या ओठांत चार टाचण्या होत्या आणि मांडीवर एका कोटाची उसवलेली बाही. टाचण्या काढून तिने घाईघाईने फोन घेतला.

फोन एका अ‍ॅपवरून आला होता; ते तिने महिन्यापूर्वीच घेतलं होतं. ज्याला दिसत नाही त्याने कुठूनही फोन लावायचा, वस्तूसमोर कॅमेरा धरायचा, आणि इकडच्याने पाहून सांगायचं. आजवर तिने दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचली होती, एकाचे निळे आणि काळे मोजे वेगळे करून दिले होते. दोन मिनिटांचं काम, हातातली सुईसुद्धा खाली ठेवावी लागत नसे.

आज पडद्यावर एक कागद होता. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता.

"हे जरा वाचता का, ताई? आमचे हे खाली गेलेत, येतीलच इतक्यात."

आठवड्यापूर्वी कपाटातून स्वेटर काढताना हा कागद हाताला लागला, असं ती म्हणाली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, जाहिरात आहे, टाकून देतो. टाकला मात्र नाही. कोपऱ्यात पिन लावलेला तोच कागद आज आणखी खालच्या घडीत सापडला.

शिंपिणीने कागदावरून नजर फिरवली. डोळ्यांच्या दवाखान्याचा होता, नाव पुरुषाचं. तिने शेवटपर्यंत मनातच वाचलं. शिलाई मशीनखाली तिचा पाय उगाचच हलू लागला. जाहिरातच आहे म्हणावं आणि मोकळं व्हावं. कोण कुठली बाई, आणि तिच्या नवऱ्याने जपलेलं गुपित आपण का उघडायचं? दारात कोटाचं गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं होतं, त्याच्याकडे पाहायचंही तिला सुचेना.

"तुम्ही गप्प झालात," म्हातारी म्हणाली. "जाहिरात वाचताना कुणी एवढं गप्प होत नाही. मला कुठल्या आश्रमात ठेवायचं ठरवलंय का ह्यांनी?"

"नाही हो काकू. तुमचं काहीच नाही यात."

एवढं बोलून गेल्यावर आता मागे फिरता येत नव्हतं. तिने हळूहळू वाचून दाखवलं. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेली. कडेचं थोडंफार दिसत राहील, चालता-फिरता येईल. वाचता येणार नाही. गेलेली नजर परत येणार नाही. तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.

हे आपण काय करून बसलो, असं शिंपिणीला झालं. समजुतीचे दोन शब्द ती शोधत होती, तेवढ्यात म्हातारी बोलली.

"रोज पेपर वाचून दाखवतात मला. दोन महिने मीही मनात म्हणतेय, हल्ली बातम्या एवढ्या चांगल्या कशा येतात."

दाराची कडी वाजली. कागद झर्रकन बाजूला गेला आणि फोन टेबलावर कशाला तरी टेकून उभा राहिला. घाईत तो बंद करायचा राहून गेला होता. पडद्यावर एक खुर्ची दिसली. मग एक म्हातारा आला, खुर्चीची पाठ चाचपून बसला आणि त्याने पेपर उघडला.

शिंपिणीचं बोट लाल बटणाजवळ गेलं. दुसऱ्याच्या घरात असं डोकावू नये हे तिला कळत होतं, पण बोट पुढे जाईना. पहिलं पान तिच्याकडे तोंड करून होतं. पूल कोसळल्याची बातमी अर्धं पान भरून होती, तिला इथून दिसत होती.

म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि तो वाचू लागला. कुठल्याशा गावातला एक हरवलेला घोडा म्हणे तीन नद्या ओलांडून मालकाच्या दारात येऊन उभा राहिला. मालकाने त्याला ओळखलं ते... इथे तो अडला. नजर छताकडे गेली, पेपराची कड बोटांत चुरगळली.

"दमला असेल हो, एवढ्या लांबून आला तो," म्हातारी म्हणाली. "तुम्ही सावकाश वाचा. मला काही घाई नाही."