मेंढीची घंटी

चिकलठाणा विमानतळाच्या दारात वडिलांनी म्होरक्या मेंढीची घंटी रत्नमालाच्या हातात ठेवली. “मनगटाला बांध, माय. वाजती तवर लेकरू मागं येतं. वळून बघायचं काम नाय.” “व्हय, आप्पा,” म्हणत तिनं चारचौघांत लाज वाटून ती पर्समध्ये कोंबली. दोन विमानांनंतर, परक्या मुलखातल्या विमानतळावर, तिसऱ्याची शेवटची घोषणा चालू असताना तिची तीन वर्षांची श्रेया दिसेनाशी झाली. खांद्यावरचं तान्हं रडून रडून नुकतंच झोपलेलं. थकून बधिर झालेला तो खांदाही रत्नमालाला स्वतःचा वाटत नव्हता. तिनं हाक मारली, पण ती घोषणेच्या आवाजात बुडून गेली. पासपोर्ट चाचपणारा हात घंटीला लागला. तिनं ती वाजवली. महिनाभर खुलताबादच्या माळावर मेंढ्यांमागं हिंडलेली पोर खुर्च्यांखालून रांगत आली. रत्नमाला रडली नाही, रागावलीही नाही. घंटी मनगटाला बांधून ती गेटकडं चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही.